दहा जणांच्या सीए ऑफिससाठी नवा सर्व्हर: डेल पॉवरएज टी१५० का घेतला आणि कसा चाललाय

निकाल आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. सांगलीत आमचं सीए ऑफिस आहे, माणसं दहा-बारा, सगळ्यांची टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) एकाच सर्व्हरवर चालते. जुना सर्व्हर काढून आम्ही डेलचा पॉवरएज टी१५० टॉवर घेतला, २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत बसवला, आणि तेव्हापासून जुलै, सप्टेंबर, ऑक्टोबर असे सगळे पिळवटून काढणारे महिने त्यावर निघालेत. एवढ्या ऑफिसला हेच मशीन बरोबर आहे असं माझं ठाम मत आहे. मात्र नुसतं 'टी१५० पाहिजे' म्हणून ऑर्डर दिली तर तुमच्या हातात भलतंच काहीतरी पडू शकतं, कारण ह्याच नावाखाली रेड कार्ड (डिस्क एकत्र जोडून चालवणारं, म्हणजे एक गेली तरी डेटा टिकावा) कुठलं, डिस्क कुठल्या, विंडोज कुठलं, वॉरंटी किती ह्यावरून चांगला सर्व्हर आणि नुसता महागडा पीसी एवढा फरक पडतो. म्हणून हा रिव्ह्यू जरा लांबलाय.

आमचं काम आधी सांगतो, नाहीतर तुलना करता येणार नाही. क्लायंट म्हणजे हळदीचे व्यापारी, तासगावकडचे बेदाणेवाले, कुपवाड एमआयडीसीतले छोटे कारखाने, थोड्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या. टॅली गोल्ड, म्हणजे मल्टीयुजर. एक टॅक्सचं सॉफ्टवेअर आहे ज्याचा डेटा मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस ह्या डेटाबेसमधे बसतो. आणि एक भला मोठा शेअर्ड फोल्डर, ज्यात वर्षानुवर्षांची बँक स्टेटमेंट, पॅन, आधार, सह्या केलेले ताळेबंद, नोटिसा, सगळं स्कॅन करून ठेवलेलं. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी (दोन्ही जीएसटीची रिटर्न), इन्कम टॅक्सची ३१ जुलै, टॅक्स ऑडिटची ३० सप्टेंबर, ह्या तारखांना सर्व्हर दोन तास जरी बंद पडला तरी अख्खं ऑफिस हातावर हात ठेवून बसतं आणि क्लायंटचे फोन सुरू होतात, त्यामुळं आमच्यासाठी स्पीडच्या आधी 'बंद पडू नये' हे येतं, आणि पडलाच तर किती वेळात उठतो हे त्याच्या लगेच मागं.

जुन्या सर्व्हरवर विंडोज सर्व्हर २०१२ आर२ होतं. त्याचा मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला, म्हणजे त्यानंतर सिक्युरिटी अपडेट नाही (पैसे भरून मिळणारे जादा अपडेट वेगळे, ते आपल्यासारख्यांसाठी नाहीत). लोक म्हणतात चालतंय ना मग चालू दे. पण ज्या मशीनवर शेकडो माणसांचं पॅन-आधार-बँक स्टेटमेंट आहे ते अपडेट न येणाऱ्या विंडोजवर ठेवणं मला पटत नाही, कितीही चांगलं चालत असलं तरी. त्यात जोडीतली एक डिस्क अधूनमधून गायब होऊन परत दिसायला लागली होती. डिस्क असं करायला लागली की तिच्यावर विश्वास ठेवायचा नसतो.

मग पर्याय बघायला सुरुवात केली. पहिला सल्ला तुम्हाला जो मिळेल तोच आम्हालाही मिळाला. ऑफिसचे कॉम्प्युटर बघणारे दादा म्हणाले, "सर, कशाला एवढा खर्च करताय, आय-सेव्हन, बत्तीस जीबी रॅम, एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) टाकून असेंबल करून देतो, ह्या सर्व्हरपेक्षा फास्ट पळेल." आणि फास्ट पळेल हे खोटं नाहीये, एकट्या माणसाने वापरलं तर नक्की पळेल. पण त्याला ईसीसी रॅम नसते. ईसीसी म्हणजे मेमरीत एखादा बिट उलटा पडला तर तो तिथल्या तिथं ओळखून दुरुस्त करणारी रॅम, दोन बिट बिघडले तर निदान ओरडून सांगते. दिवसरात्र वर्षभर चालणाऱ्या मशीनवर जिथं दुसऱ्यांच्या हिशेबाचे आकडे आहेत तिथं ही गोष्ट मला चैन वाटत नाही, गरज वाटते. दुसरं, त्यावर विंडोज ११ प्रो टाकणार, आणि साध्या पीसीच्या विंडोजला एका वेळी २० डिव्हाइसचीच जोडणी चालते. आज आमचे दहा पीसी, त्यात प्रिंटर-स्कॅनर, सीझनला आर्टिकलची मुलं (सीएचं प्रशिक्षण घेणारी) लॅपटॉप घेऊन येतात, मर्यादा जवळच आहे. तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, मदरबोर्ड गेला तर वॉरंटीसाठी तो पार्ट पाठवा आणि थांबा. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कोण थांबणार?

दुसरा पर्याय नासचा, म्हणजे नेटवर्कला जोडून फायली ठेवायची डिस्कची पेटी. सिनॉलॉजीचं डीएस९२३+ बघितलं, चार डिस्कचं, एएमडी रायझनवर चालणारं, ईसीसी रॅमसकट. वस्तू म्हणून मला ती फार आवडली. नुसत्या फायली ठेवायच्या असतील, म्हणजे आर्किटेक्टचं ऑफिस, फोटो स्टुडिओ, वकिलाचं ऑफिस, तर मी डोळे झाकून नास घ्या म्हणेन, विंडोज सर्व्हरच्या लायसनच्या भानगडीतच पडू नका. पण आमचं टॅक्स सॉफ्टवेअर विंडोजच्या एसक्यूएलवर आहे आणि टॅलीची लायसन देणारी गेटवे सर्व्हिस पण विंडोज मशीनवरच चालते, म्हणजे नास घेऊन परत एक पीसी चोवीस तास चालू ठेवायचाच. मग एकाऐवजी दोन ठिकाणी लक्ष ठेवा.

क्लाउडवर टॅली चालवून देणारे पण आले होते. माणशी महिन्याचं भाडं, दहा जणांचं तीन वर्षांचं जोडलं की सर्व्हरची किंमत पार होते. पैशाचं सोडा, रस्त्याचं खोदकाम निघालं की आमच्या गल्लीतलं इंटरनेट हमखास जातं. ज्यांच्या दोन-तीन गावांत ब्रँच आहेत, माणसं घरून काम करतात, त्यांच्यासाठी क्लाउड बरोबर आहे आणि त्यांनी माझं ऐकून टॉवर घेऊ नये.

रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून विकलेला) रॅक सर्व्हरचं खूप लोकांना आकर्षण असतं, पुण्या-मुंबईत निम्म्याहून कमी पैशात दोन-दोन प्रोसेसरचे जुने रॅक सर्व्हर मिळतात. पण वन-यू रॅकचे (म्हणजे सगळ्यात चपट्या आकाराच्या सर्व्हरचे) ते छोटे पंखे एवढे किंचाळतात की त्याला वेगळी खोली लागते, ती आमच्याकडं नाही. दोन प्रोसेसरचं मशीन असलं की विंडोजचं लायसन कोअरवर मोजताना ते पण वाढतं, आणि कंपनीची ऑनसाइट वॉरंटी संपलेली असते. शिकायला, प्रयोग करायला उत्तम. कमाईच्या मशीनसाठी माझा नकार.

राहिले नवे छोटे टॉवर. एचपीईचा मायक्रोसर्व्हर जेन१० प्लस व्ही२ खरंच देखणा आहे, टेबलाच्या कोपऱ्यात मावतो, चार डिस्क बसतात, चार लॅन पोर्ट. पण रॅमचे स्लॉट दोनच आणि पॉवर बाहेरच्या ॲडॉप्टरवर, लॅपटॉपसारखी. चार-पाच जणांच्या ऑफिसला तो छान बसेल. एचपीईचाच एमएल३० आणि डेलचा टी३५० ह्यांच्यात डिस्क चालू मशीनमधून काढता-घालता येतात आणि जोडीला दुसरा पॉवर सप्लाय टाकता येतो, ही खरी वरची पायरी, पण सगळं घालून बिल बरंच वर जात होतं. टी१५० मधे हे दोन्ही नाही. डिस्क केबलने जोडलेल्या, बदलायची तर मशीन बंद करून बाजूचं झाकण उघडायचं. पॉवर सप्लाय एकच. हे माहीत असून घेतला, कारण आमचं ऑफिस रात्री बंद असतं आणि डिस्क बदलायला एक तास मशीन बंद ठेवणं आम्हाला परवडतं. हॉस्पिटल असतं, चोवीस तासांचं काम असतं, तर टी१५० घ्या असं मी कधीच म्हटलं नसतं.

आता कॉन्फिगरेशन, इथं नीट लक्ष द्या.

प्रोसेसर झिऑन ई-२३३४, चार कोअर आठ थ्रेड. ई-२३१४ पण चार कोअरचाच पण त्यात हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन कामं) नाही, आणि दोन्हीच्या किमतीतला फरक एकूण बिलात फार जाणवत नाही. आठ कोअरचा घ्यावा का? टॅलीला आणि फाइल शेअरिंगला कोअरची एवढी भूक नसते, ते पैसे एसएसडीत घाला. रॅम १६ जीबीच्या दोन, म्हणजे ३२, चारपैकी दोन स्लॉट मोकळे. पुढं वाढवताना ईसीसी यूडिआयएमएमच लागते, आरडिआयएमएम म्हणून मोठ्या सर्व्हरची मिळते ती ह्यात चालत नाही, बाजारात स्वस्त दिसली म्हणून उचलू नका.

रेड कार्ड हा सगळ्यात मोठा मुद्दा. सगळ्यात स्वस्त कोटेशनमधे 'रेड सपोर्ट: यस' असं लिहिलेलं होतं आणि खाली बारीक अक्षरात पर्क एस१५० (पर्क हे डेलच्या रेडचं नाव). हे एस वालं म्हणजे सॉफ्टवेअर रेड, वेगळं कार्डच नाही, काम प्रोसेसर आणि विंडोजचा ड्रायव्हर मिळून करतात. उद्या त्यावर व्हीएमवेअर (एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाकायचं म्हटलं तर ते रेड तिथं दिसतच नाही. एच३५५ हे खरं कार्ड. त्याला कॅश (तात्पुरती मेमरी) आणि तिची बॅटरी नसते आणि ते रेड ०, १, १० एवढंच करतं, पण आम्हाला मिररिंगच पाहिजे होतं, म्हणजे दोन डिस्कवर तोच डेटा, रेड १, त्यामुळं ते पुरेसं. रेड ५ (तीन किंवा जास्त डिस्कवर डेटा वाटून ठेवायची पद्धत) आम्ही मुद्दाम टाळलं. मोठ्या डिस्कवर रेड ५ ची एक डिस्क गेली की परत बांधणी होईपर्यंत बाकीच्या डिस्क तासन्‌तास घासल्या जातात आणि नेमकी त्यात दुसरी गेली की सगळंच जातं. मिररमधे मेलेल्याची जोडीदार डिस्क जशीच्या तशी समोर असते, समजायला पण सोपं, वाचवायला पण सोपं.

चार डिस्क अशा बसवल्या: ४८० जीबीच्या दोन सर्व्हर-ग्रेड साटा एसएसडी मिररमधे, त्यावर विंडोज, टॅलीचा डेटा आणि एसक्यूएल. ४ टीबीच्या दोन हार्डडिस्क मिररमधे, त्यावर स्कॅन आणि पीडीएफ. टॅली बारक्या बारक्या फायलींत सतत लिहिते-वाचते, तिथं हार्डडिस्क आणि एसएसडीतला फरक डोळ्याला दिसतो. एका बेदाणे व्यापाऱ्याचं वर्षभराचं स्टॉक समरी जुन्या सर्व्हरवर लावून लोक चहा आणायला उठायचे, आता एंटर मारलं की पानच येतं. डिस्क बाहेरून स्वस्त घेऊन लावता येतात का, तर लागतात, पण त्यांच्यावर डेलची वॉरंटी नाही, आणि बाहेरून घेताना एसएमआर की सीएमआर हे बघावंच लागतं. एसएमआर डिस्कमधे ट्रॅक एकमेकांवर कौलांसारखे चढवलेले असतात, त्यामुळं रेडची परत बांधणी करताना त्या रांगतात. २०२० मधे डब्ल्यूडीच्या रेड मालिकेतल्या काही नास डिस्क एसएमआर निघाल्या म्हणून जगभर ओरड झाली, मग त्यांनी सीएमआरवाल्या 'रेड प्लस' नावानं वेगळ्या केल्या. आम्ही सरळ सर्व्हरबरोबरच डिस्क घेतल्या, काही झालं तर एकच फोन नंबर.

विंडोज. इथं दुकानदार तुम्हाला स्टँडर्डच विकायला बघतो. दहा-पंधरा माणसांच्या ऑफिसने विंडोज सर्व्हर २०२२ इसेन्शियल्स विचारायचं. त्यात २५ युजर, ५० डिव्हाइसपर्यंत वेगळे कॅल (सर्व्हर वापरायचं माणशी लायसन) लागत नाहीत, प्रोसेसर एक आणि कोअर दहापर्यंत, आपल्या ई-२३३४ ला चार आहेत. ते फक्त सर्व्हर बनवणाऱ्या कंपन्यांमार्फत मिळतं, त्यामुळं सर्व्हरच्या ऑर्डरमधेच टाका. स्टँडर्ड घेतलं तर कमीत कमी १६ कोअरचं लायसन घ्यावं लागतं, तुमचे चार असले तरी, त्यावर माणशी कॅल. आणि लोक घरून रिमोट डेस्कटॉपने सर्व्हरवर बसून काम करणार असतील तर त्याचे आरडीएस कॅल आणखी वेगळे. आमच्यात घरून काम करणारं कोणी नाही, म्हणून इसेन्शियल्स. ऑनलाइन हजार-दीड हजारात 'ओरिजिनल की' मिळतात त्यांच्या नादी लागू नका, क्लायंटला कायद्याने वागा म्हणून सांगणाऱ्या ऑफिसात तर नाहीच नाही.

रिमोट डेस्कटॉपवरून आठवलं, राउटरवर ३३८९ (रिमोट डेस्कटॉपचा) पोर्ट उघडून बाहेरून सर्व्हरला जोडायची सोय जिथं केलेली असते तिथं रॅन्समवेअर शिरायला वेळ लागत नाही, टॅलीचे सगळे फोल्डर कुलूपबंद होतात आणि स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी. बाहेरून लागणारच असेल तर व्हीपीएन (इंटरनेटवरून सुरक्षित खासगी जोडणी) लावा. ह्यात तडजोड नको.

वॉरंटी तीन वर्षांची, नेक्स्ट बिझनेस डे ऑनसाइट. ह्याचा अर्थ फोनवर तपासणी झाल्यावर पुढच्या कामाच्या दिवशी माणूस किंवा पार्ट. शनिवार दुपारी बंद पडला तर सोमवार धरा. आणि 'आमच्या पिनकोडला मिळतं का' हे लेखी विचारा, पुण्यात जे मिळतं ते तालुक्याच्या गावात मिळेलच असं गृहीत धरू नका. मशीन आलं की खोक्यावरचा सात अक्षरी सर्व्हिस टॅग डेलच्या साइटवर टाकून वॉरंटी कधी सुरू झाली, कधी संपते, कॉन्फिगरेशन कोटेशनप्रमाणे आहे का हे तिथंच बघायचं आणि मगच बाकीचे पैसे द्यायचे. आम्ही आणखी दोन वर्षांची वाढ आधीच घेतली, घेतानाच स्वस्त पडते.

दुकानांबद्दल: तीन ठिकाणांहून कोटेशन आली, एकाने दोनदा विचारूनही रेड कार्डचं नाव लिहून दिलं नाही, त्याला लगेच बाजूला केला. किंमत दर महिन्याला हलते म्हणून आकडा धरून बसू नका, पण अंदाज द्यायचा तर मशीन, डिस्क, विंडोज, वाढीव वॉरंटी आणि जीएसटी सगळं धरून आमचं बिल दोन लाखांच्या आत बसलं. जीएसटी १८ टक्के, त्याचं क्रेडिट मिळतं. यूपीएस आणि स्विच वेगळे.

स्विच मी मुद्दाम म्हटलं. कित्येक ऑफिसात सर्व्हर नवा येतो आणि कोपऱ्यात जुना १०० एमबीपीएसचा स्विच तसाच लुकलुकत असतो. त्यातून सेकंदाला फार तर बारा एमबी जाणार, मग एसएसडी टाकून काय उपयोग? सर्व्हर यायच्या आधी गिगाबिट स्विच बसवला, दोन-तीन केबल नवीन ओढल्या, आणि खरं सांगायचं तर निम्मा फरक जुन्या सर्व्हरवरच दिसायला लागला. ज्यांचं बजेट ह्या वर्षी नाहीच त्यांनी आधी एवढं करून बघा.

आता बसवण्याचं. दिवाळीची सुट्टी मुद्दाम निवडली, त्या वर्षी ऑडिटवाल्यांच्या रिटर्नची ३१ ऑक्टोबर होऊन गेलेली होती आणि ऑफिस खरोखर बंद असतं. नव्या सर्व्हरला जुन्याचंच नाव आणि जुनाच आयपी दिला (जुना नेटवर्कमधून काढून मगच), त्यामुळं सगळ्यांच्या पीसीवरचे झेड ड्राइव्ह आणि शॉर्टकट जसेच्या तसे चालले, दहा पीसींवर फिरून सेटिंग करावं लागलं नाही. टॅलीचं लायसन जुन्या मशीनवर आधी सरेंडर करायचं, मग नव्यावर ॲक्टिव्हेट. हे विसरून जुनं मशीन फॉरमॅट केलं तर उगाच हेल्पलाइनच्या मागं लागावं लागतं. डेटाचे ते आकड्यांच्या नावाचे फोल्डर कॉपी केले, नव्या सर्व्हरच्या फायरवॉलमधे ९९९९ पोर्ट मोकळा केला कारण लायसन त्यावरून मिळतं, आणि काही मोठ्या कंपन्या उघडून मागच्या वर्षाचा ट्रायल बॅलन्स जुन्या प्रिंटशी ताडून बघितला.

आणि लोकांना कामाला बसवायच्या आधी एक गोष्ट केली जी मी प्रत्येकाला करायला सांगेन. मशीन बंद केलं, बाजूचं झाकण उघडलं, एका एसएसडीची केबल काढली आणि परत चालू केलं. विंडोज आलं, टॅली उघडली, एक व्हाउचर टाकून बघितलं, सेव्ह झालं. आयड्रॅक म्हणून जे मॅनेजमेंटचं पान ब्राउझरमधे उघडतं त्यात त्या मिररसमोर डिग्रेडेड (एक डिस्क कमी) अशी खूण. परत बंद करून केबल लावली, तर ती डिस्क आपोआप जोडीत गेली नाही, 'फॉरेन' म्हणून बाजूला दिसायला लागली. म्हणजे कार्ड म्हणतंय हिच्यावरचा डेटा जुना आहे, तू सांगशील ते करीन. त्या एकाच डिस्कची फॉरेन नोंद पुसली, तिला हॉट स्पेअर (राखीव डिस्क) केलं आणि मग बांधणी सुरू झाली, टक्के वर चढताना बघितले. ही पायरी शांत दिवाळीत एकदा हाताने केलेली असली की सप्टेंबरमधे खरी डिस्क गेल्यावर घाम फुटत नाही. सगळी स्टेप स्क्रीनशॉटसकट छापून सर्व्हरच्या शेजारी लावलीय, कारण त्या दिवशी मी ऑफिसात असेनच असं नाही.

आयड्रॅकबद्दल एक सांगायचं राहिलं. बेसिकमधे तापमान, पंखे, डिस्कची तब्येत, लॉग सगळं दिसतं, पण घरी बसून सर्व्हरची स्क्रीनच बघायची असेल, बायोसमधे जायचं असेल, तर एंटरप्राइज लायसन लागतं. सर्व्हर शेजारच्या खोलीत असेल तर गरज नाही.

आवाज खूप कमी. सुरू होताना पंखे एकदा जोरात फिरतात, मग शेजारी बसलेल्याला जाणवत पण नाही. मे महिन्यात सांगलीत पारा चाळिशीला लागतो, ऑफिस बंद झाल्यावर एसी पण बंद, तरी आतापर्यंत तापमानाची एकही तक्रार लॉगमधे नाही. धूळ मात्र दर तीन-चार महिन्यांनी ब्लोअरने काढतो.

यूपीएस 'ऑनलाइन' प्रकारचा (सतत बॅटरीच्या सर्किटमधून वीज देणारा) घ्या, निदान शुद्ध साइन वेव्हचा तरी. घरगुती ६०० व्हीएचा पीसीचा यूपीएस ह्याला लावू नका, त्यातल्या चौकोनी लाटेवर सर्व्हरचे पॉवर सप्लाय कधीकधी बिनसतात आणि लाइट गेली की नेमकं त्या क्षणी मशीन बंद होतं. व्हाउचर सेव्ह होताना सर्व्हर बंद पडला की टॅलीचा डेटा बिघडायची भीती, मग रीराइट (डेटा दुरुस्ती) करत बसा. यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडा, बॅटरी संपत आली की विंडोज स्वतःहून नीट बंद होतं. आणि अर्थिंग तपासून घ्या, न्यूट्रल-अर्थमधलं व्होल्टेज मीटर लावून बघायला इलेक्ट्रिशियनला पाच मिनिटं लागतात.

शेवटी बॅकअप, आणि सांगलीत राहून मी ह्यावर जास्त बोलणारच. २०१९ च्या ऑगस्टमधे आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांच्या आसपास गेलं, हरभट रोड, मारुती चौक, गावभाग, सगळीकडं तळमजले बुडाले. कितीतरी व्यापाऱ्यांच्या वह्या आणि कॉम्प्युटर दोन्ही एकदमच गेले. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं. अशा ठिकाणी मिररच्या दोन्ही डिस्क एकाच पेटीत असतात हे विसरून चालत नाही, रेड म्हणजे बॅकअप नव्हे. आमचा सर्व्हर पहिल्या मजल्यावर, तोही जमिनीवर नाही, भिंतीतल्या मजबूत कप्प्यात. रोज रात्री विंडोज सर्व्हर बॅकअप बाहेरच्या यूएसबी डिस्कवर जातो, अशा डिस्क आलटून पालटून वापरतो आणि एक कायम ऑफिसबाहेर, विश्रामबागला आमच्या ऑफिसच्या सरांच्या घरी असते, बिटलॉकरने कुलूप लावून. शिवाय टॅली आणि चालू वर्षाच्या फायली भारतातल्या सर्व्हरवरच्या क्लाउडमधे जातात. कंपन्यांच्या बाबतीत हा आता नियमच आहे, ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर कंपनीच्या हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवावा लागतो, आणि १ एप्रिल २०२३ पासून ऑडिट ट्रेल (कुठली नोंद कधी बदलली ह्याची नोंद) बंद न करता येणारं सॉफ्टवेअर सक्तीचं. कंपनीची पुस्तकं आठ वर्षं, जीएसटीचे रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळायचे. म्हणून डिस्क घेताना आजच्या डेटाच्या तिप्पट-चौपट जागा धरली. आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधून एखादी कंपनी वेगळ्या पीसीवर रिस्टोर करून उघडतोच, न उघडून बघितलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही.

आता टी१५० ची जागा टी१६० ने घेतलीय, त्यात झिऑन ई-२४०० आणि डीडीआर५ रॅम, त्यामुळं टी१५० ची जुनी रॅम त्यात चालणार नाही. रेड कार्ड, लायसन, वॉरंटी ह्यांचे प्रश्न मात्र तेच विचारायचेत. टी१५० स्टॉकमधला नवाकोरा मिळाला तर सर्व्हिस टॅगवरची वॉरंटीची तारीख बघूनच घ्या. आणि ज्यांच्याकडं अजून विंडोज सर्व्हर २०१६ आहे त्यांचा सपोर्ट १२ जानेवारी २०२७ ला संपतोय. सीए ऑफिसला त्याच्या आधीची सोयीची सुट्टी म्हणजे २०२६ ची दिवाळी, तेव्हा गणपतीच्या सुमारास कोटेशन मागवा, ऑर्डर द्यायची तर सप्टेंबर संपायच्या आत द्या, कारण ऑर्डरवर मागवलेल्या रेड कार्डला आणि डिस्कला यायला वेळ लागतो.